बोत्स्वानाचे हिरे की मॉरिशसचा ऊस: कित्ता कोणाचा गिरवावा?

तांबं, कोको, कॉफी अशा एकाच मालावर पोट असलेल्या देशाला सल्ला द्यायची वेळ आली की ही दोन नावं हटकून निघतात.

बोत्स्वाना १९६६ला स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. सरकारने डी बिअर्स या हिरेकंपनीकडून खाणींत निम्मी भागीदारी मिळवली, शाळा-रस्ते केले, १९९४ मध्ये पुला फंड काढून शिल्लक बाजूला टाकली. मग अट घातली, पैलूही इथेच पाडा. सुरतेच्या हिरेवाल्यांनी राजधानी गॅबोरोनमध्ये कारखाने थाटले. सगळं शहाणपणाचंच. पण पैलू पाडला तरी हिरा तो हिराच. लॅबमधला हिरा (तोही सुरतेत बनतोच) स्वस्त झाला, खाणीतल्याचा भाव पडला, आणि २०२४ मध्ये देशाची अर्थव्यवस्थाच आक्रसली. ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्षही त्याच वर्षी हरला.

मॉरिशसकडे स्वातंत्र्याच्या वेळी, १९६८ला, विकायला जवळपास फक्त साखर. ज्या उसासाठी आपल्या कोकणातूनही गिरमिटिये नेले, तोच ऊस. १९७०च्या कायद्याने निर्यातीसाठी कारखाना काढणाऱ्याला करसवलती मिळाल्या, आणि मुख्य म्हणजे कुंपणाआडच्या झोनची अट नव्हती. बेटावर कुठेही शेड टाका. गावोगावच्या बायका शिवणयंत्रावर बसल्या. १९७५ पासून युरोप साखरेच्या ठरलेल्या कोट्याला बहुतेक वर्षं चढा भाव देई. त्यातला बराच पैसा मळेवाल्यांनी कपड्यांत आणि हॉटेलांत घातला. २००६ नंतर युरोपने साखरेचा भाव ३६ टक्के उतरवला, तेव्हा धक्का बसला, देश बसला नाही. ऊस आजही आहे. बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, जाळून वीज होते, आपल्या कारखान्यांत होते तशीच.

माझं मत मॉरिशसकडे झुकतं, कारण खाणीला माणसं थोडी लागतात आणि शिलाईला भरपूर. मात्र तो बांधलेला भाव आता कुणी देणार नाही, आणि भारताशी झालेल्या करकराराची (मॉरिशसमार्गे भारतात पैसा गुंतवून कर वाचवायची सोय) कमाई तर कित्त्यात धरूच नये.

खनिजवाल्याने करारातली घासाघीस आणि फंड बोत्स्वानाकडून घ्यावा, पण पैसा दुसऱ्या धंद्यात लावावा. कोणत्या, ते बंदर किती लांब आहे यावर. तांब्यावर जगणाऱ्या झांबियातून दार-ए-सलाम बंदराला जाणारी रेल्वे १,८६० किलोमीटरची आहे. शर्टांच्या पेट्याही त्याच रुळांवरून न्यायच्या असतील, तर आधी भाड्याचा हिशेब मांडा.