सातारी कंदी पेढे: आठ महिने, आठ खोके आणि एक वजनकाटा

दर महिन्याला आईला भेटायला साताऱ्याला जातो, येताना अर्धा किलो कंदी पेढे घेतो. दुकान एकच, आठ महिने झाले. चवीबद्दल तक्रार नव्हती, अजूनही नाही. म्हशीच्या दुधाचा खवा तांबूस होईस्तोवर भाजलेला, साखर बेताची, तोडला की आत रवाळ. पुण्यातले पांढरट पेढे आता खाववत नाहीत.

मग डॉक्टरांनी भात मोजून खायला सांगितला म्हणून ३९९ रुपयांचा वजनकाटा घरात आला. भात राहिला बाजूला, मी आधी पेढ्यांचा खोका ठेवला. ५०१ ग्रॅम. वा! पेढे ताटलीत काढून रिकामा खोका ठेवला: ६२. म्हणजे पेढे ४३९. ५६० रुपये किलोच्या भावाने पुठ्ठ्याचेच ३५ रुपये झाले. आठ महिन्यांचे २८०! बायको म्हणाली, "गोड लागतात ना? मग झालं." नाही झालं. खोक्यासकट मिठाई तोलणं कायद्यात बसत नाही, दिवाळीच्या तोंडावर वैधमापनवाले, म्हणजे वजनमापं तपासणारं सरकारी खातं, बजावत असतात.

टिकण्याचं म्हणाल तर एप्रिलात फ्रिजबाहेर नऊ दिवस राहिले. भाजून पाणी आटवलेलं ना. याला फ्रिज लागतच नाही, असं मी चारजणांना सांगूनही टाकलं. जुलैत सहाव्याच दिवशी तळच्या पेढ्यांवर पांढरी लव. शब्द मागे घेतो. सुट्या मिठाईपुढे 'कधीपर्यंत खावी' ही तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं आहे. या दुकानात पाटी आहे, पण तिच्यापुढे शेवेची पाकिटं रचलेली.

परवा घरून स्टीलचा डबा नेला. "खोका नको, यात द्या. आधी डबा ठेवून काटा शून्य करा."

मालक हसले. "काका, खोक्याचे वेगळे पैसे लावले की गिऱ्हाईक भांडतं."

"मी कधी भांडलो?"

"आत्ता काय करताय मग?"

पण काटा शून्य केला, ५०० भरले आणि वर एक पेढा न तोलता ठेवला. घरी मोजले, ५२४. माणूस वाईट नाही, सवय वाईट.

तूर्त पाचपैकी साडेतीन. अर्धा जुलैचा कापला, एक पुठ्ठ्याचा. डब्याचं झाकण सैल निघालं, एसटीत पिशवीला तुपाचा डाग पडला, तो माझ्या खात्यात.