कॅरिबियन: क्रूझ घ्यावी की बेटावर राहावं?

मुलं अमेरिकेत असलेल्या आई-बापांच्या वाऱ्यांचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या खेपेला नायगारा, दुसऱ्या खेपेला लेकीचं बाळंतपण, तिसऱ्या खेपेला कॅरिबियन क्रूझ. आम्हीही रांग मोडली नाही. जानेवारी २०२३ मध्ये मायामीहून सात रात्रींची क्रूझ केली. मी, सौ., लेक, जावई, पाच वर्षांची नात आणि विहीणबाई असे सहा जण होतो. पुढच्या वर्षी फेब्रुवारीअखेर मात्र आम्ही दोघंच न्यू जर्सीहून उठून त्रिनिदादला गेलो. आठ दिवस तिथे राहिलो, चार दिवस बार्बाडोसला. माणशी खर्च दोन्ही वेळा उन्नीस-बीसच्या फरकाने सारखा आला, म्हणून तुलना करायचं धाडस करतोय.

क्रूझचं कौतुक आधी करून टाकतो, कारण ते खरं आहे. बॅगा एकदा उघडल्या की आठवडाभर बांधायच्या नाहीत. गुडघे दुखणाऱ्या विहीणबाईंना लिफ्ट होती, मागितली तेव्हा व्हीलचेअर मिळाली, जहाजावर डॉक्टर होता. नात सकाळी मुलांच्या क्लबात गेली की दुपारपर्यंत आमची आठवणही काढायची नाही. आणि जेवण! शाकाहारी भारतीय जेवण हवंय असं बुकिंगच्या वेळीच लेखी कळवलं होतं. पहिल्याच रात्री आमच्या टेबलाचा वेटर सासष्टीचा निघाला. गोव्याची माणसं या जहाजांवर पिढ्यान् पिढ्या कामाला आहेत हे ऐकून होतो, पण विहीणबाईंनी 'भात थोडा मऊ मिळेल का हो?' असं मराठीत विचारावं आणि त्याने 'आणतो, आई' म्हणावं, हे मायामीच्या समुद्रात घडलं. विहीणबाईंसाठी ट्रिप तिथेच वसूल झाली.

आता बुकिंगच्या अटी. या मी नीट वाचल्या नव्हत्या, तुम्ही वाचा.

जाहिरातीतला दर माणशी असतो आणि एका केबिनमध्ये दोघं धरून असतो. एकटा माणूस जवळपास दोघांचे पैसे भरतो. आम्ही नातीला कागदोपत्री आजीच्या केबिनमध्ये घातलं, नाहीतर विहीणबाईंचं भाडं दुप्पट झालं असतं. टिप रोजची आणि माणशी लागते, आणि त्यातून पोरंटोरंही सुटत नाहीत. आमच्या वेळी दिवसाला १६ डॉलर होती, म्हणजे सहा जणांचे सात दिवसांचे ६७२. दारूचं पॅकेज एकाने घेतलं की त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं. सौ. लिंबू सरबतापुढे जात नाही, तेव्हा जावयाने 'बाबा, आपण पेल्यागणिक पैसे देऊ' म्हणून तो विषय संपवला.

फायनल पेमेंटची तारीख निघण्याच्या साधारण अडीच-तीन महिने आधीची असते. त्याआधी रद्द केलं तर फार तर डिपॉझिट जातं. त्यानंतर कपात टप्प्याटप्प्याने वाढत शंभर टक्क्यांवर जाते. जावयाच्या ऑफिसातल्या एकाला हे अंगावर आलं. एच-वन-बीची, म्हणजे अमेरिकेत नोकरीच्या परवान्याची, मुदतवाढ हातात होती, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला. मायामीहून निघून मायामीलाच परत यायचं तरी मध्ये देश सोडलेला असतो, परत आत यायला चालू व्हिसा लागतो. त्याच्या हे लक्षात आलं तेव्हा फायनल पेमेंट होऊन गेलं होतं. आपल्यासारख्या पाहुण्यांनीही आपला व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे बघून घ्यावं. आणि भारतातूनच पॅकेज घेणार असाल तर वर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, घेतला जातो. तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण त्या क्षणी खिशातून जातोच. दर बदलत असतात, एजंटाला ताजा विचारा.

करारातली आणखी एक ओळ: जहाजाला कुठलंही बंदर गाळण्याचा किंवा बदलण्याचा हक्क आहे, नुकसानभरपाई नाही. आमचं बहामातलं बेट वाऱ्यामुळे गळलं. क्रूझ कंपनीचं खासगी बेट, पाण्याच्या घसरगुंड्या, नात महिनाभर आधीपासून त्याचीच स्वप्नं बघत होती. परत काय मिळालं, तर बंदराचा कर, माणशी थोडेसे डॉलर. जहाजातर्फे घेतलेल्या सहलींचे पैसे आपोआप परत येतात. बाहेरच्या कुणाकडून बोट ठरवली असेल तर 'जहाज लागलंच नाही तर पैसे परत का?' एवढं आधी विचारून ठेवा.

या सगळ्याचा मला राग नाही. पैशाचं माणूस विसरतो. माझं बिनसलं ते घड्याळावरून.

सेंट मार्टिनला जहाज सकाळी लागलं. बेट लहानसं, अर्धं डच, अर्धं फ्रेंच, मधल्या सीमेवर कुणी पासपोर्ट विचारत नाही. धावपट्टीला लागून माहो नावाचा किनारा आहे, तिथे विमानं डोक्यावरून उतरतात. नातीसाठी तिथे गेलो. परतताना सिम्पसन बेच्या उघड्या पुलापाशी गाड्यांची रांग. बोटींना वाट देण्यासाठी हा पूल दिवसातून ठरावीक वेळी वर उचलतात. माझ्या फोनवर साडेतीन झालेले, जहाजावर साडेचारला हजर व्हायचं. टॅक्सीत सगळे गप्प. जावई दर मिनिटाला नकाशा बघतोय, विहीणबाईंचं रामरक्षा पुटपुटणं सुरू. उशिरा येणाऱ्यासाठी जहाज थांबत नाही. पुढच्या बंदरावर आपल्या खर्चाने जायचं, बस्स. धापा टाकत धक्क्यावर पोचलो तर तिथला माणूस हसून म्हणाला, अजून दीड तास आहे.

झालं असं की हिवाळ्यात पूर्वेकडची ही बेटं मायामीच्या एक तास पुढे असतात. फोनने बिनबोभाट स्थानिक वेळ घेतली होती, आमच्या जहाजाचं घड्याळ मात्र मायामीच्याच वेळेवर होतं. काही जहाजं वेळ बदलतात, काही नाही. उन्हाळ्यात पश्चिमेकडे कोझुमेलला जाल तर नेमकं उलटं होतं, फोन तासभर मागे पडतो. तिथे ही चूक हसण्यावारी जाणार नाही.

मग दीड तास आम्ही वरच्या डेकवर पिझ्झा खात समोरच्या बेटाकडे बघत बसलो. टेकडीवरच्या घरांवर ऊन तिरपं होत होतं, खाली गल्लीत पोरं खेळायला निघाली होती. तेव्हा सौ. म्हणाली, 'अहो, आपण एकाही गावाची संध्याकाळ पाहिली नाही.' मी मनात हिशेब केला. सान हुआन, सेंट मार्टिन, सेंट थॉमस, प्रत्येक ठिकाणी आम्ही ऊन चढताना उतरलो आणि सावल्या लांबताना परतलो. बंदरालगतची तीच ती दागिन्यांची दुकानं, तेच ते टी-शर्ट. लोक कामावरून घरी येतात, रस्त्यावर खाणं मांडलं जातं, म्हातारे पत्ते कुटायला बसतात, तेव्हा आम्ही जहाजावर कपडे बदलून जेवणाच्या रांगेत. सगळ्या क्रूझ अशाच असतील असं नाही. काही जहाजं एखाद्या बंदरात रात्र काढतात म्हणे. आमची तशी नव्हती.

त्रिनिदाद का, हे वेगळं सांगायला नको. १९७१ च्या मार्चमध्ये तिथल्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला, क्वीन्स पार्क ओव्हलवर सुनील गावस्करने पदार्पणात ६५ आणि नाबाद ६७ केल्या, वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं. त्याच मैदानावर शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२०. आमच्या चाळीत एका रेडिओभोवती अर्धा मजला जमायचा. मैदानाच्या बाहेर उभा राहून मी उगाच दहा मिनिटं रस्ता बघत होतो.

आम्ही मात्र राजधानीत न राहता सेंट ऑगस्टीनला, विद्यापीठाजवळ, एका घरगुती गेस्ट हाउसमध्ये उतरलो. मालकीणबाईंचे पूर्वज भोजपुरी मुलखातले. ३० मे १८४५ ला पहिलं जहाज भारतातून तिथे लागलं आणि १९१७ पर्यंत सुमारे दीड लाख माणसं करारावर उसाच्या मळ्यांत आली, त्यांतलेच कुणी. मालकीणबाईंना ना हिंदी येत होतं, ना भोजपुरी. पण त्यांचा नातू शाळेतून आला आणि दारातूनच ओरडला, 'आजी!' सौ.ने चमकून मागे पाहिलं. वडिलांच्या आईला तिथे आजीच म्हणतात, आईच्या आईला नानी.

सकाळचा नाश्ता नाक्यावर उभ्याने. हळदीने पिवळे दोन मऊ बारा, म्हणजे शब्दाने आपल्या वड्याचे भाऊ, रूपाने पुरीचे, मध्ये रस्सेदार छोले, वर चिंचेची चटणी आणि काकडी. याला म्हणतात डबल्स. विकणारा नजर वर न करता विचारतो, तिखट किती? 'स्लाइट' म्हणायचं. मी कोल्हापूरच्या आजोळाच्या जोरावर 'भरपूर' म्हणालो आणि पुढचा तासभर बोललो नाही. शाकाहाऱ्याचे तिथे हाल होत नाहीत, ही खात्री देतो.

आणि संध्याकाळ. वॉटरलूला समुद्रातलं देऊळ आहे. सिवदास साधू नावाच्या मजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं, ते पाडलं गेलं, त्याला तुरुंगातही टाकलं. सुटल्यावर त्याने समुद्रातच भर घालून बांधायला घेतलं, सायकलवरून सामान वाहत, वर्षानुवर्षं. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात बगळे, काठाशी बांबूंवर विटलेले रंगीत झेंडे, शेजारच्या स्मशानात एक चिता विझत आलेली. पारियाच्या आखातात सूर्य बुडेपर्यंत बसलो. कुणी घड्याळ बघितलं नाही. जवळच कारापिचायमाला दत्तात्रेयाचं मंदिर आहे आणि ८५ फुटी हनुमान. तिथे गुरुवारी जावं असं सौ.चं म्हणणं होतं, तेव्हा अर्थातच गुरुवारी गेलो.

बार्बाडोसची संध्याकाळ वेगळी. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सच्या मासळीबाजारात भट्ट्या पेटतात, मला भाजलेला मासा, सौ.ला मॅकरोनी पाय, आणि कडेला म्हातारे डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर अशा आपटत होते की दचकायला व्हायचं. परतीला झेडआर, म्हणजे तिथली शेअर व्हॅन, साडेतीन स्थानिक डॉलर. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन, हिशेब सोपा.

बेटांच्या बाजूने फार बोललो. आता त्यांचे काटे.

बेटांमधली विमानं लहरी असतात. त्रिनिदाद ते बार्बाडोस तासाभराचं उड्डाण, आम्ही पिआर्कोच्या विमानतळावर सहा तास बसलो. त्यामुळे घरी परतण्याच्या मोठ्या विमानाच्या दिवशीच बेट बदलायचा विचारही करू नका, मध्ये एक रात्र ठेवा. त्रिनिदाद, बार्बाडोस, जमैका या ठिकाणी भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता मागतात. लंडनमार्गे जाणार असाल तर ट्रान्झिट व्हिसाचं तिकीट काढण्याआधी बघा, हीथ्रोहून गॅटविकला जावं लागत असेल तर विशेष.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुठलाही एजंट आपणहून सांगत नाही: यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत त्रिनिदाद आहे. लशीचा दाखला नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. लस किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रावरच. साठी ओलांडली असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, ती लस त्या वयात सगळ्यांना देत नाहीत.

सुरक्षिततेबद्दल खोटं बोलणार नाही. आम्ही परतल्यावर २०२४ च्या डिसेंबरअखेर त्रिनिदादमध्ये गुन्हेगारीमुळे आणीबाणी लागली, २०२५ मध्ये पुन्हा. आम्हाला त्रास झाला नाही, पण अंधार पडल्यावर राजधानीत आम्ही फिरलोही नाही. मालकीणबाईंनी सांगितलेला टॅक्सीवालाच धरला. कार्निव्हलच्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात, किमान रात्रींची अट घालतात. आम्ही तो उलटल्यावर गेलो.

वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. २९ जून २०२४ ला ब्रिजटाउनला आपण टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलो आणि बेरिल वादळामुळे विमानतळ बंद होऊन संघ तिथेच अडकला, आठवतंय ना? त्यांच्यासाठी खास विमान आलं, आपल्यासाठी येत नाही. वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळाचे पैसे देत नाही, तेव्हा विमा बुकिंगच्याच आठवड्यात. या बाबतीत जहाजाची बाजू वरचढ आहे, ते वादळाला वळसा घालून निघून जातं.

तेव्हा बरोबर म्हातारं माणूस, लहान पोर किंवा दोन्ही असतील तर क्रूझ घ्या, मी आडवा येणार नाही. विहीणबाईंना मी आजही क्रूझच सुचवीन. दोघंच असाल, पायात बळ असेल, नाक्यावर उभं राहून खायची लाज नसेल, तर मला वाटतं बेटावर राहावं. सौ.ला विचाराल तर ती म्हणेल, जहाजावर भांडी घासावी लागत नाहीत. तिचंही चूक नाही, गेस्ट हाउसात चहाची भांडी तीच घासत होती.

मध्यंतरी वाड्यातला जुना मित्र आला, हे सगळं दोन तास ऐकलं, मान डोलावली आणि घरी जाऊन मायामीची क्रूझ बुक केली. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला माझं जुनं सेलवालं मनगटी घड्याळ दिलं. म्हटलं, मायामीला लाव आणि जहाजावाल्यांनी सांगितल्याशिवाय त्याला हात लावू नकोस.