मुंगळ्यांचं अ‍ॅक्रिलिक घर: खोका उत्तम, पुडी बिनकामाची

पाचपैकी साडेतीन तारे. उरलेला दीड तारा खोक्याबरोबर आलेल्या ‘वसाहत झपाट्याने वाढवा’ पुडीने खाल्ला.

आधी खोक्याचं. मी काळ्या मुंगळ्यांसाठी घेतला. वरची जाळी स्टीलची आहे, हे फार बरं. प्लॅस्टिकची मुंगळे कुरतडतात. आतल्या जिप्समच्या थराला ओल द्यायला बाजूने सिरिंजपुरतं भोक ठेवलंय. पण पैसे वसूल होतात ते खोल्यांमधल्या सरकत्या पट्ट्यांमुळे. राणी आणि दहा-पंधरा कामकरी एवढ्या प्रशस्त जागेत सोडले की एका कोपऱ्यात संसार, बाकी सगळा उकिरडा, आणि मग बुरशी. पट्ट्या लावून एकेक खोली उघडत गेलं की ही कटकट राहत नाही.

तरी पंचवीसेक कामकरी होईपर्यंत त्यांना टेस्ट ट्यूबमध्येच ठेवा: तळाशी पाणी, मध्ये कापसाचा बोळा, वर काळा कागद. पहिली पिल्लं मोठी होईपर्यंत राणी खाणं मागत नाही. पंखांचे स्नायू जिरवून त्यांच्यावर अळ्या पोसते. रोज नळी उजेडात धरून बघणाऱ्यांनी मात्र जपावं, बिथरलेली राणी स्वतःचीच अंडी खाते.

ऊब देणारी चटई नाशिकच्या डिसेंबरात खरंच कामी आली. अंडी-अळ्यांची वाढ उबेवर चालते, २६ ते २८ अंश झकास. चटई खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवा, कोष कुठे न्यायचे ते मुंगळे ठरवतात. हिला तापमान राखणारं बटण नाही, म्हणून मी मध्ये फरशीचा तुकडा सरकवलाय.

आता पुडी. लेबलवर साखर, ग्लुकोज आणि रंग. साखर कामकऱ्यांना चालते, पण अळ्या वाढतात प्रथिनांवर, राणीलाही अंडी घालायला तीच लागतात. त्यासाठी उकळत्या पाण्यातून काढलेला नाकतोडा पुरतो. घरातलं झुरळ नको, फवारा पोटात घेऊन आलेलं असतं. उरलेलं खाणं दुसऱ्या दिवशी उचला. गोडासाठी पाण्यात कालवलेला मध.

मुंगळे वर चढून बाहेर पडू नयेत म्हणून काठावर लावायची टाल्कम पावडर पावसाळी दमटपणात सुटते, तेव्हा झाकण घट्ट लावा. आमच्याकडे साखरेच्या डब्याभोवती हळद टाकणाऱ्या बाईसाहेबांचा या खोक्याला आधीच विरोध आहे.