आवाज गेलेला कॉम्प्युटर अन् परभणीतलं एक बारकं रिपेअरचं दुकान

परभणीत वसमत रोडला आतल्या गल्लीत एक बारकं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान आहे, बाहेर धड बोर्ड पण नाही, त्याच्याबद्दल लिहायचं महिनाभरापासून डोक्यात होतं. आमच्या घरच्या कॉम्प्युटरला लिनक्स मिंट आहे, म्हंजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली सिस्टीम. आधी तिचं 21 व्हर्जन होतं, ते काढून नव्यानं 22 टाकलं अन् त्या दिवसापासून आवाज येईचना. व्हॉल्यूम फुल, वाजायला लागलं की पट्टी वरखाली हलायली, पण स्पीकर मुके. आई रोज संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन ऐकती, तिची नजर अधू झाली, तिला चित्राचं काही नाही, आवाजच पाहिजे. चार दिवस ती नुसती बसून राहायली ते बघवत नव्हतं.

आमच्या सेलूतच एकाला दाखवलं तर त्यानं स्क्रीनकडं एकदा बघून सांगितलं की मदरबोर्डाचा साउंड उडालाय, लिनक्स काढा अन् विंडोज टाका, तरी नाही आला तर बोर्ड बदला. मला ते पटलं नाही, म्हणून सीपीयू चादरीत गुंडाळला अन् रेल्वेनं परभणीला नेला.

दुकानातला पोरगा तिशीच्या आतला आसंल. मी म्हणलं बोर्ड गेलाय म्हणतेत, तर म्हणला, "काका, आधी त्यालाच विचारू की." टर्मिनल, म्हंजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून आवाजाची कार्डं दाखवणारी एप्लेची कमांड मारली, त्यात दोन कार्डं दिसली, एक मॉनिटरच्या एचडीएमआय केबलचं अन् एक बोर्डावरच्या रिअलटेक साउंड चिपचं. "कार्ड दिसायलंय म्हंजे बोर्ड जित्ता हाय," म्हणला. मग कळलं की आवाज एचडीएमआयनं मॉनिटरकडं चाललाय अन् आमच्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. मिंट 21 मध्ये आवाज सांभाळायला पल्सऑडिओ नावाचा प्रोग्राम होता, 22 पासून त्याच्या जागी पाइपवायर आलंय, अन् नव्यानं टाकलं की आपण आधी निवडून ठेवलेलं सगळं जातं, हे त्यानं हात चालू ठेवून मला समजावलं.

आवाज कुठून काढायचा ते आउटपुट बदललं तरी आवाज नाही. अल्सामिक्सर, म्हंजे कार्डाच्या आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम, उघडलं, एफ 6 दाबून बोर्डाचं कार्ड घेतलं. पट्टीखाली एमएम असलं तर ते बंद, शून्य शून्य असलं तर चालू. एमएम कुठंच नव्हतं. इथं दुसरा कोणी साउंड कार्ड गळ्यात मारून मोकळा झाला असता. हा परत आउटपुटच्या यादीकडं गेला अन् बोट ठेवून म्हणला, "हे बघा." सीपीयूच्या समोरच्या हेडफोनच्या भोकात, म्हंजे जॅकमध्ये, काहीच घातलेलं नव्हतं तरी हेडफोन जोडलेला दाखवायला! मोबाइलची बॅटरी लावून आत बघितलं तर धूळ अन् हिरवट गंज, आतली पत्ती चिकटून बसलेली. त्यामुळं कॉम्प्युटरला वाटायचं हेडफोन लावलाय, अन् तो मागचे स्पीकर आपोआप बंद करायचा. अल्सामिक्सरमध्ये पार उजवीकडं ऑटो म्यूट म्हणून आहे, ते डिसेबल केलं अन् स्पीकर टेस्ट चालवली. आधी डाव्या स्पीकरमधून बाईचा आवाज आला, फ्रंट लेफ्ट, मग उजव्यातून फ्रंट राइट. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

परत भानगड नको म्हणून समोरच्या जॅकची वायर त्यानं बोर्डावरून काढून टेपनं बाजूला बांधली. वाजायला सुरू होताना बारीक टक् आवाज यायचा, ते साउंड चिप वीज वाचवायला झोपती म्हणून होतं म्हणला, त्याची पॉवर सेव्हची सेटिंग शून्य करून दिली, आता तेही नाही. एकही वस्तू विकली नाही. 200 रुपये घेतले.

तक्रार आहेच. फोन उचलत नाही, माणूस एकटाच, मला दोन तास बसावं लागलं अन् बसायला स्टूल एकच. घरी येत नाही. समोरचा जॅक आता मेलाच, हेडफोन लावायचा तर सीपीयूच्या मागं हात घालावा लागतो, नवीन जॅक पाहिजे तर मागवावा लागंल म्हणला. घाईत असलेल्यानं जाऊ नये, पण लिनक्स बघून नाक न मुरडणारा माणूस आपल्याकडं मला तरी हा एकच सापडला.

जाताना नुसता सीपीयू नेऊ नका, आपले स्पीकर अन् मॉनिटरची केबल पण न्या. तो म्हणला घरी जसं जोडलेलं असतंय तसंच जोडून बघितलं तर बिघाड लवकर घावतो. मी स्पीकर नेले होते, केबल राहिली होती, त्याच्याकडची लावली.