म्युलर की क्लोझे?

फुटबॉलमध्ये जर्मनीकडून सर्वाधिक गोल मिरोस्लाव्ह क्लोझेचे: ७१. पण त्यासाठी १३७ सामने लागले. गेर्ड म्युलरने ६२ सामन्यांतच ६८ गोल ठोकले. म्हणजे सामन्यामागे एकाहून जास्त! बुटका, दणकट म्युलर गोलसमोरच्या गर्दीत गर्रकन वळून चेंडू जाळ्यात ढकलायचा. १९७४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्धचा विजयी गोल अगदी तसाच. क्लोझेचं बलस्थान हेडर. २००२च्या विश्वचषकातले पाचही गोल त्याने डोक्यानेच मारले. चार विश्वचषकांत त्याचे १६, म्युलरचे दोनच स्पर्धांत १४. सातत्य हवं असेल तर क्लोझे; शिवाय लाझिओ या इटालियन क्लबकडून खेळताना हाताने झालेला गोल त्याने स्वतःच कबूल केला, असा माणूस कुणाला आवडणार नाही? तरी शेवटच्या मिनिटाला गोल हवा असेल, तर मी डोळे झाकून म्युलरलाच उतरवेन.