मासळी, पाऊस आणि वाणसामान: कोकणातल्या घराला कोणती पिशवी पुरते?

प्लास्टिकची पिशवी घरातून घालवायची ठरवली की तिच्या जागी काय आणायचं हा पहिला प्रश्न. बाजारात दिसतात त्या सुती, ज्यूटच्या, कागदी, कापडासारख्या भासणाऱ्या नॉन-वोव्हन आणि 'कंपोस्टेबल' (म्हणजे खतात कुजणारी) असं छापलेल्या. कोकणात यांचा कस दोन ठिकाणी लागतो: मासळीबाजारात आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत. घाटावर चालणारी पिशवी इथे चालेलच असं नाही, आणि एकच पिशवी सगळ्या कामांना पुरेल ही अपेक्षा तर आधीच सोडावी.

मासळीला डबाच

राज्यात 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, हँडल असो वा नसो. पहिल्या वेळी 5000 रुपये दंड, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. तरीही मासळीबरोबर पातळ पिशवी येतेच, कारण गळणाऱ्या पाण्याला दुसरा उपाय गिऱ्हाइकाच्या हातात नसतो. कापड आणि ज्यूट मासळीचं पाणी शोषतात आणि मग वास जात नाही. कागद घरी पोचेपर्यंत फाटतो. म्हणून इथे तुलना पिशव्यांची नाहीच, डब्यांची आहे.

स्टीलचा गोल डबा घरात असतोच, पण बांगडा 20-25 सेंटीमीटरचा असला तर त्यात वाकवून कोंबावा लागतो आणि पोट फुटतं. आडवा, चौकोनी, निदान 25 सेंटीमीटर लांबीचा डबा घ्यावा. स्टीलला वास धरत नाही, ओरखडे सहज पडत नाहीत. मात्र साध्या झाकणाचा डबा स्कूटरवर हमखास सांडतो, म्हणून रबरी कडं आणि खटके असलेलाच बघावा. जाड प्लास्टिकचा खटक्याचा डबा हलका आणि स्वस्त पडतो, पण ओरखड्यांत वास साचून राहतो. रोज मासळी खाणाऱ्या घराने स्टीलवर पैसे घालावेत. आठवड्यातून एकदाच आणत असाल तर घरातला जुना प्लास्टिकचा डबा पुरेसा आहे. त्यासाठी नवीन काही विकत घेऊ नये.

डबा धुताना आधी गार पाणी. गरम पाण्याने रक्त आणि चिकटा भांड्याला धरून बसतो. मग लिंबाची साल, चिंचेचा कोळ किंवा कोकमाचं आगळ चोळावं: मासळीचा वास अल्कधर्मी पदार्थांचा असतो, आंबट लागलं की तो मरतो. कोळणीकडे मासे घेताना रिकामा डबा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायला सांगावं, नाहीतर डब्याचं वजन मासळीच्या भावाने पडतं.

वाणसामान: जुनं कापड, नवं कापड, ज्यूट

इंग्लंडच्या पर्यावरण खात्याच्या 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक हिशेब आहे. एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी व्हायचा तर नवी सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते, नॉन-वोव्हन 11 वेळा, कागदी 3 वेळा. आठवड्यातून दोनदा बाजार केला तर 131 फेऱ्यांना सव्वा वर्ष लागतं. म्हणजे कार्यक्रमात मिळालेल्या दहा सुती पिशव्या खुंटीला टांगून ठेवण्यात काही अर्थ नाही. हा हिशेब मुख्यतः पिशवी तयार होतानाच्या भाराचा आहे. वहाळातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात गेलेली पिशवी त्यात मोजलेली नाही, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी तीच बाजू मोठी आहे. वेळास, आंजर्ल्याला अंडी घालायला कासवं येतात. समुद्रात तरंगणारं प्लास्टिक कासवं खाद्य समजून गिळतात.

जुन्या सुती चादरीची पिशवी या हिशेबात सर्वांत वर येते, कारण ते कापड आधीच घरात आहे. 45 × 100 सेंटीमीटरचा तुकडा मधोमध दुमडून दोन्ही बाजू शिवाव्यात. तळाच्या कोपऱ्यांना आतून आडवी शीव मारली की तळ रुंद होतो आणि डाळी-साखरेचे पुडे उभे राहतात. पट्टे 8 सेंटीमीटर रुंद कापून चार पदरी दुमडावेत. पिशवी फाटते ती नेहमी पट्ट्याच्या मुळाशी, म्हणून पट्टा काठावर नुसता टाचू नये; 5 सेंटीमीटर खाली नेऊन चौकोनात फुली मारून शिवावा. सुती धागा भिजल्यावर कमकुवत होत नाही, उलट थोडा बळकटच होतो. आपल्या पावसात हा मोठा गुण.

ज्यूटचं नेमकं उलट. भिजला की त्याची ताकद घटते आणि जुलैच्या दमट हवेत दोन-चार दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात. नारळ, आंबे, कांदे-बटाटे अशा जड सामानाला ऑक्टोबर ते मे ज्यूट उत्तम. पावसाळ्यात तो कोरडा करून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवून द्यावा. आतून प्लास्टिकचा थर दिलेला ज्यूट घेऊ नये: थर सुटतो, आणि मग ती ना ज्यूट राहते ना प्लास्टिक.

पावसातल्या फेरीला मोडक्या छत्रीचं कापड वापरावं. काड्यांवरून टाके उसवून कापड सोडवलं की दुमडून पिशवी शिवता येते. टाक्यांच्या भोकांतून थोडं पाणी झिरपतं, पण पीठ-साखर आत वेगळ्या डब्यात असेल तर बिघडत नाही.

या दोन नकोत

नॉन-वोव्हन ही पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. शंका असेल तर एक धागा जळत्या काडीवर धरावा; सुती कापडाची राख होते, हिचा वितळून मणी बनतो. पडवीत उन्हात टांगली की काही महिन्यांत चुरा होऊन तंतू वाऱ्यावर जातात. आधीच घरात असतील तर सावलीत ठेवून फाटेपर्यंत वापराव्यात, नवी घेऊ नये.

'कंपोस्टेबल' पिशवीची चाचणी साधारण 58 अंश सेल्सिअसच्या औद्योगिक खतात होते. परसातल्या खड्ड्यात तेवढी उष्णता टिकत नाही, समुद्रात तर प्रश्नच नाही. ती महागही पडते. ओल्या कचऱ्याच्या बादलीला खरं तर पिशवीच लागत नाही: तळाशी वर्तमानपत्राची घडी, वर मूठभर काथ्याचा भुसा, आणि संध्याकाळी बादली माडाच्या आळ्यात. एक भाग ओल्याला दोन भाग सुका पाला घालावा. पावसाळ्यात आळ्यात पाणी तुंबलं की कचरा कुजून घाण येते, म्हणून तेवढे महिने उंचवट्यावर ढीग करून झावळ्यांनी झाकावा. मासळीचे काटे हातभर खोल पुरावेत, नाहीतर रात्री कुत्री उकरतात.

घरात आधीच साठलेल्या पातळ पिशव्या बंब पेटवायला वापरण्याची सवय अनेक घरांत आहे. बंबाच्या आगीत प्लास्टिक पूर्ण जळत नाही. विषारी धूर आणि काजळी परसात आणि घरात पसरते. त्याऐवजी नारळाचं सोडण किंवा करवंटी घालावी. पिशव्या धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात द्याव्यात. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना टोक पूर्ण तोडू नये, लटकतं ठेवावं. सुटा झालेला तो बारका तुकडा कोणीच वेचत नाही. आख्खी, स्वच्छ पिशवी मात्र भंगारवाला घेतो.