बागेतला खड्डा आणि पितळेची माळ

नागपुरात सोन्याच्या हंड्याची गोष्ट विकायला फारशी मेहनत लागत नाही. भोसल्यांची राजधानी, नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची लढाई, नंतर परागंदा झालेले आप्पासाहेब एवढं सांगितलं की पुढचं ऐकणारा स्वतःच जोडतो. महाराजबाग, तेलंगखेडी, तुळशीबाग ही नावं त्या गोष्टीत चपखल बसतात. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं आणि राजवाड्यातलं जडजवाहीर इंग्रजांनी कोलकात्याला नेऊन लिलावात काढलं, एवढा भाग मात्र गुप्तधनाच्या नावाने लुबाडणारे टोळीवाले गाळतात.

त्यांना बागच हवी असते, याला कारण आहे. स्वतःच्या वावरात किंवा जुन्या वाड्यात खोदलं तर जागा तुमची असते, तुम्ही उजेडी प्रश्न विचारता, चार माणसं बोलावता. सार्वजनिक बागेत रात्री कुदळ घातली की पहिल्या घावालाच तुम्ही गुन्ह्यात सामील होता. पुढे लुबाडले गेलात तरी ठाण्यात कोणत्या तोंडाने जाणार? हा खड्डा तुमचं तोंड बंद करण्यासाठी खणलेला असतो, हे एकदा नीट समजलं की बाकीचा डाव आपोआप उलगडतो.

सुरुवात ओळखीच्या माणसाकडून होते. तो एका ‘जाणकारा’कडे नेतो, जाणकार एखाद्या पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाला आणतो आणि तो जागा दाखवतो. मग ‘मशीन’ येतं. हातात धरायच्या खऱ्या मेटल डिटेक्टरला नाण्याएवढी वस्तू साधारण २० ते ३० सेंटिमीटरपर्यंत कळते, घागरीएवढं भांडं फार तर मीटरभर खोलीवरचं. शंभर मीटरवरून फक्त सोनंच ओळखणारं, दोन सळया आपोआप फिरणारं यंत्र म्हणजे धरणाऱ्याच्या मनगटाची नकळत होणारी हालचाल, दुसरं काही नाही. ब्रिटनमध्ये अशाच सळीचा ‘बॉम्बशोधक’ म्हणून जगभर धंदा करणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याचं यंत्र मुळात गोल्फचे चेंडू शोधायचं म्हणून विकलं जाणारं खेळणं होतं.

कधी मशीन खरं असतं आणि तुमच्यासमोर खणखणीत वाजतं. कारण तांब्याचा गडू दोन-चार दिवस आधीच पुरून ठेवलेला असतो. ते मातीवरून ओळखू येतं. न हललेली काळी माती एकसंध असते, उन्हाळ्यात तिच्या भेगा सरळ खाली जातात, पांढरे चुनखडे ज्या त्या थरात बसलेले असतात, आणि खाली पिवळट मुरूम लागतो. आधी खणून बुजवलेल्या जागी काळे-पिवळे ढेकूळ एकमेकांत मिसळलेले असतात, पहार लोण्यात गेल्यासारखी जाते आणि गवताची मुळं ताजी तुटलेली दिसतात. गडूवरचा हिरवा गंजही तपासा. जुना गंज घट्ट धरलेला असतो. मीठ आणि व्हिनेगर लावून चार दिवसांत आणलेला हिरवा रंग ओल्या कापसाने पुसला की कापसावर येतो.

गडू निघाला की लगेच उघडत नाहीत. राखणदार आहे, अमावास्येपर्यंत थांबावं लागेल, उतारा मोठा लागेल. पाच-अकरा हजारांपासून सुरू झालेली बिदागी इथे लाखांवर चढते. याच टप्प्यावर खड्ड्याशी दोन ‘साहेब’ येऊन उभे राहू शकतात. तेही टोळीचेच असतात. प्रकरण मिटवायचे पैसे वेगळे घेतात आणि गडूही घेऊन जातात.

दुसरा प्रकार माळेचा. बागेत किंवा बांधकामावर खोदताना सोन्याची माळ सापडली, सराफाकडे गेलो तर पोलीस पकडतील, म्हणून अर्ध्या किमतीत देतो, असं विकणारा सांगतो. खात्रीसाठी दोन मणी तोडून दिले जातात. इतवारीत सराफाने कसाला लावले की मणी शंभर नंबरी निघतात, कारण तेवढे खरेच सोन्याचे असतात. तोडणारा हात नेहमी त्याचा असतो. मधला मणी मी निवडतो म्हणा, लगेच घाई आणि रुसवा सुरू होईल.

घरच्या घरी तपासता येतं. आधी माळ वजन करा. पातेलं काठोकाठ भरून परातीत ठेवा, माळ दोऱ्याने हळू आत सोडा, बुडबुडे जाऊ द्या, सांडलेलं पाणी मोजा. किलोभर चोख सोनं साधारण ५२ मिलिलिटर पाणी सांडवतं, २२ कॅरेटचं ५६ च्या आसपास. पितळ ११५ ते १२०, म्हणजे दुपटीहून जास्त. वरून मुलामा कितीही जाड दिला तरी हा फरक लपत नाही.

माळ खरी निघाली तरी ती विकत घेणं चूकच. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ते दडवणाऱ्या शोधकाला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. काटोल रोडवरच्या जुनापाणीत सुमारे तीनशे शिलावर्तुळं आहेत. ती लोहयुगातली दफनं आहेत. त्यांत प्रामुख्याने मातीची भांडी, लोखंडाची अवजारं आणि घोड्याचा साज मिळतो. हंड्याच्या आशेने असं एक वर्तुळ उकरलं की अडीच-तीन हजार वर्षांची नोंद कायमची पुसली जाते. याचं फार वाईट वाटतं.

खड्डा जिवावरही बेततो. काळी माती ओली झाली की फुगते आणि उभी भिंत अचानक ढासळते. घनमीटरभर ओल्या मातीचं वजन दीड टनाच्या वर जातं, त्यामुळे छातीपर्यंत गाडला गेलेला माणूसही श्वास घेऊ शकत नाही. बागेत दिव्यांच्या केबल आणि पाण्याच्या लाइनी कुठून गेल्यात, ते रात्री दिसत नाही.

सकाळी फिरताना ताजा खड्डा, हळद-कुंकू, कापलेली लिंबं दिसली तर आत उतरू नका, काही उचलू नका. फोटो काढा, चौकीदाराला सांगा, ११२ लावा.

पैसे गेले असतील तर माळ किंवा गडू फेकू नका, परत देऊ नका, तो पुरावा आहे. ऑनलाइन दिले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, दर तासाला रक्कम पुढच्या खात्यात सरकते. मंत्र-उताऱ्याच्या नावाने पैसे उकळले असतील तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा उल्लेख तक्रारीत करा. त्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. स्वतः खोदकामात हजर होतात हे लपवू नका, आधी वकिलाला खरं सांगा आणि त्याला सोबत घेऊन ठाण्यात जा. ‘तुझंही नाव येईल’ असा फोन टोळीकडून येईलच. तो रेकॉर्ड करून ठेवा.